जलयोजक विश्वेश्वरय्या

पुणे शहर मागे टाकून पूर्वेस सोलापूरच्या वाटेने निघाले, की सह्याद्रीचा हिरवेपणा हळूहळू विरत जातो. लोणी, उरुळी आणि यवत ही गावे ओलांडून दौंडाकडे जावे, तसतसे पावसाचे मान कमी होत जाते, माळ अधिकाधिक बोडके दिसू लागतात आणि वैशाखात विहिरी तळ गाठतात. भीमेच्या या दक्षिण थडीवर एके काळी बाजरी आणि ज्वारी यांवाचून दुसरे पीक क्वचितच दिसत असे. तीही मृगाने दगा दिला म्हणजे करपून जात. आज याच यवतच्या शिवारातून खडकवासल्याचे पाणी घेऊन कालवा वाहत आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंस उसाचे मळे डोलत आहेत. पाणी एका ठिकाणी साठवून ते दूरच्या तहानलेल्या भूमीपर्यंत नेण्याची ही विद्या ज्यांनी आपल्या देशात नावारूपास आणली, त्यांत मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव अग्रभागी आहे.

विश्वेश्वरय्या यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. त्यांचे वडील श्रीनिवासशास्त्री हे संस्कृताचे विद्वान होते. घरी विद्या होती; धन मात्र नव्हते. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्यामुळे पुढील शिक्षणाचा भार या मुलास स्वतःच उचलावा लागला. बंगळूर येथे मामांच्या आधाराने राहून आणि एका कुर्गी कुटुंबातील मुलांना शिकवून त्यांनी आपले महाविद्यालयीन शिक्षण पुरे केले. त्यांची हुशारी पाहून म्हैसूर सरकारने त्यांना शिष्यवृत्ती दिली आणि स्थापत्यशास्त्राच्या अभ्यासासाठी ते पुण्यास आले. पुण्याचे ते सायन्स कॉलेज पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. १८८३ मध्ये स्थापत्याच्या परीक्षेत विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात पहिले आले आणि पुढच्याच वर्षी इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांची साहाय्यक अभियंता म्हणून नेमणूक झाली.

नोकरीच्या आरंभीच त्यांची कसोटी लागली. धुळे जिल्ह्यातील दातर्ती या गावी पांझरा नदीच्या पात्राखालून नळ टाकून पाणी पलीकडे न्यावयाचे होते. काम चालू असताना पावसाळा आला. नदीस वारंवार पूर येऊ लागला आणि खणलेले चर वाळूने भरू लागले. पाऊस ओसरेपर्यंत काम थांबवावे, असे तरुण अभियंत्याने वरिष्ठांस कळविले. हे वरिष्ठांस रुचले नाही. नव्या नोकराच्या अंगी पुरेशी उमेद नाही, असा ठपका येण्याची वेळ आली. विश्वेश्वरय्या यांनी वाद घातला नाही. पुराशी आणि हिवतापाशी झुंजत त्यांनी ते काम तडीस नेले. पुढे त्यांच्या आयुष्यात असे प्रसंग अनेक आले. परंतु तक्रारीपेक्षा काम मोठे, हा धडा ते पांझरेच्या काठीच शिकले होते.

त्यांच्या कीर्तीचा पाया मात्र एका रखरखीत प्रदेशात घातला गेला. सिंध प्रांत त्या काळी मुंबई इलाख्यात मोडत असे. सिंधू नदीच्या काठी असलेले सक्कर हे शहर उन्हाळ्यात भट्टीसारखे तापते. पारा पंचेचाळीस अंशांच्याही वर चढतो आणि पाऊस वर्षाकाठी जेमतेम शिंतोडे टाकून जातो. शहराच्या पायथ्याशीच एवढी मोठी नदी वाहत असताना पिण्याच्या पाण्याची चिंता कशाला, असे कोणासही वाटेल. पण सिंधूचे पाणी गढूळ असते. त्यात वाळू आणि गाळ इतका असतो, की ते तसेच पिणे म्हणजे रोगास आमंत्रण देणे होय. नदीचे पाणी टेकडीवर चढवून तेथून शहरात वाटावे, अशी योजना सक्करच्या नगरपालिकेने आखली होती. परंतु पाणी गाळण्याचे मोठे हौद बांधण्याइतका पैसा तिच्याजवळ नव्हता. या कामासाठी विश्वेश्वरय्या यांस तेथे पाठविण्यात आले.

त्यांनी नदीकडे बारकाईने पाहिले. जे गाळण्याचे काम माणसाने मोठ्या खर्चाने हौदात वाळू पसरून करावयाचे, तेच काम नदीचे पात्र अहोरात्र फुकट करीत असते, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी काठाजवळ पात्रातच एक मोठी गोल विहीर खणविली. नदीचे पाणी वाळूच्या थरांतून पाझरत विहिरीत येई आणि येताना आपला गाळ वाटेतच सोडून देई. अधिक पाणी मिळावे म्हणून विहिरीपासून नदीच्या तळाखाली एक बोगदाही नेण्यात आला. विहिरीतील निर्मळ पाणी यंत्राने टेकडीवर चढवून नळांनी घरोघरी पोहोचविले गेले. १८९५ मध्ये हे काम पूर्ण झाले. आपल्याकडील खेड्यांतून बायका नदीच्या वाळूत झरा उकरून त्यातील स्वच्छ पाणी वाटीने घागरीत भरतात. सक्करची विहीर म्हणजे हाच झरा, शास्त्राच्या बळावर एका शहराला पुरेल एवढा मोठा केलेला.

सक्करनंतर काही काळाने ते पुण्यास आले आणि येथे दोन प्रश्न त्यांच्यापुढे उभे राहिले. पहिला होता साठवणीचा. पुणे शहराला व पूर्वेकडील शेतीला पाणी पुरविण्यासाठी मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण बांधलेले होते. पावसाळ्यात ते भरले, की सांडव्यावरून कित्येक फूट पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात तेच पाणी कमी पडे. भिंतीची उंची वाढवावी, तर जुन्या पायावर तेवढा भार टाकणे धोक्याचे होते. म्हणून पुराची भीती सरली, की दरवर्षी सांडव्यावर मातीचा तात्पुरता बांध घालीत. विश्वेश्वरय्या यांनी यावर स्वयंचलित दरवाजांची युक्ती काढली. सांडव्यावर बसविलेले हे दरवाजे साखळ्या आणि कप्प्या यांच्या योगाने एका जड वजनास जोडलेले असत आणि ते वजन एका हौदात लोंबकळत राही. तलावातील पाणी ठरावीक पातळीवर आले, की ते आपोआप हौदात शिरे. पाण्यात बुडालेली वस्तू हलकी भासते, हे विहिरीतून घागर ओढणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. तसे ते वजन हलके होई, तोल बदले आणि दरवाजे उघडून जादा पाणी निघून जाई. पूर ओसरला, की हौद रिता होई, वजन पुन्हा जड होई आणि दरवाजे मिटत. मध्यरात्री पूर आला, तरी दरवाजे उघडण्यासाठी माणसास धावावे लागत नसे. या युक्तीने धरणाची भिंत न वाढविता सुमारे आठ फूट अधिक पाणी साठू लागले. पुढे ग्वाल्हेरजवळील तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही असे दरवाजे बसविण्यात आले.

दुसरा प्रश्न याहून अवघड होता. कारण तो लोखंडाचा आणि दगडाचा नसून माणसांच्या मनाचा होता. नीरा नदीच्या कालव्याचे पाणी भीमथडी आणि इंदापूर या दुष्काळी भागात येऊ लागले होते. आजच्या दौंड आणि बारामती तालुक्यांचा प्रदेश तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडत असे. कालव्याच्या तोंडाशी असलेले शेतकरी उसाला वाटेल तेवढे पाणी देत. परिणामी त्यांच्या जमिनी चिबड होत, डबकी साचून हिवताप पसरे आणि शेवटच्या गावांपर्यंत पाणी पोहोचतच नसे. १८९६ आणि १८९९ या वर्षी पडलेल्या दुष्काळांनी दख्खनची काय दैना केली, हे सर्वांनी पाहिले होते. एका शेतात पाण्याचा लोट आणि पुढच्या गावात गुरांच्या तोंडी थेंबही नाही, ही स्थिती विश्वेश्वरय्या यांस सहन होईना.

त्यांनी गटपद्धतीची योजना मांडली. गावोगावच्या जमिनीचे गट पाडावे. प्रत्येक गटास ठरलेल्या पाळीने व ठरलेल्या मापाने पाणी द्यावे. गटाच्या काही भागातच ऊस लावावा आणि उरलेल्या भागात कमी पाण्याची पिके घेऊन पिकांची फेरपालट करावी, असे तिचे स्वरूप होते. योजना न्याय्य होती. पण ज्यांना मुबलक पाण्याची सवय जडली होती, त्यांना ती जाचक वाटली. शेतकऱ्यांनी विरोध केला आणि वर्तमानपत्रांतून टीका झाली. हुकूम काढून योजना लादणे सरकारी अधिकाऱ्यास अवघड नव्हते. परंतु विश्वेश्वरय्या यांनी शेतकऱ्यांना बोलावून त्यांच्याशी चर्चा केली, त्यांच्या शंका ऐकल्या आणि पद्धतीचे फायदे समजावून सांगितले. हळूहळू विरोध मावळला. तेवढ्याच पाण्यात अधिक गावांची शेते भिजू लागली. पाणी धरणात साठविले म्हणजे अर्धेच काम होते. ते सर्वांना वाटून दिले म्हणजे काम पुरे होते, हे या योजनेने दाखवून दिले.

१९०६ मध्ये त्यांना एका खऱ्याखुऱ्या वाळवंटी शहरी जावे लागले. अरबस्तानच्या दक्षिण टोकाला असलेले एडन बंदर त्या वेळी मुंबई सरकारच्या ताब्यात होते. काळ्या, ओसाड ज्वालामुखी डोंगरांनी वेढलेल्या या शहरात पाऊस नावालाच पडे. डोंगरातून वाहणारे पावसाचे पाणी साठविण्यासाठी पूर्वजांनी खडकात कोरलेली प्राचीन टाकी तेथे होती. पण ती वर्षानुवर्षे कोरडी राहत. शेवटी समुद्राचे खारे पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून गोडे पाणी मिळवावे लागे आणि ते फार महाग पडे. सांडपाण्याचीही नीट व्यवस्था नव्हती. विश्वेश्वरय्या यांनी शहराभोवतालच्या प्रदेशाची पाहणी केली. दूर उत्तरेच्या डोंगरांत पाऊस पडतो आणि त्याचे पाणी लहेजच्या मुलखातील कोरड्या नदीपात्राखाली मुरलेले असते, हे त्यांनी ताडले. त्या पात्रात विहिरी खणून तेथील पाणी नळांनी एडनला आणावे आणि शहराचे सांडपाणी बंद गटारांतून दूर न्यावे, असा अहवाल त्यांनी सादर केला. सिंधूच्या भरल्या पात्रात जी विद्या त्यांना उपयोगी पडली, तीच या कोरड्या पात्रातही उपयोगी पडली.

एवढी योग्यता अंगी असूनही खात्यातील सर्वोच्च पदे युरोपियनांकडेच जात असत. आपल्याला यापुढे वाट नाही, हे ओळखून १९०८ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबाद येथे मुसी नदीला महापूर येऊन हजारो माणसे मृत्युमुखी पडली. निजाम सरकारने त्यांचा सल्ला मागितला. शहराच्या वरच्या बाजूस दोन मोठे तलाव बांधून पुराचे पाणी अडवावे, असे त्यांनी सुचविले. त्यातूनच उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय निर्माण झाले. पूर अडविणारे हे तलाव शहराची तहानही भागवू लागले.

१९०९ मध्ये ते म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी दिवाणपद भूषविले. कावेरी नदीवरील कृष्णराजसागर हे त्यांचे सर्वांत मोठे स्वप्न होते. १९११ मध्ये या धरणाचे काम सुरू झाले. त्या काळी आपल्या देशात सिमेंट पुरेसे तयार होत नसे. म्हणून परदेशी मालावर विसंबून न राहता दगड, चुना आणि भाजलेल्या विटांची सुरखी यांच्या साहाय्याने ही प्रचंड भिंत उभारण्यात आली. धरणाने मंड्या भागातील कोरड्या जमिनीस पाणी मिळाले. दिवाणपदाच्या काळात त्यांनी शाळा वाढविल्या, १९१३ मध्ये म्हैसूर बँक आणि १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ स्थापन होण्यास साहाय्य केले.

१९५५ मध्ये भारत सरकारने त्यांना भारतरत्न हा किताब दिला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंतही फोडली आणि पुण्यात हाहाकार उडाला. पुढे खडकवासल्याचे धरण दुरुस्त करून पुन्हा उभे करण्यात आले. पाणी जीवन देते. पण ते अडविणाऱ्याने क्षणभरही गाफील राहून चालत नाही, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने अनुभवले. पुढील वर्षी, १४ एप्रिल १९६२ रोजी, शंभर वर्षांचे कृतार्थ आयुष्य जगून विश्वेश्वरय्या निवर्तले. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

विश्वेश्वरय्या यांनी वाळवंटाला शाप मानले नाही आणि पुराला केवळ कोप मानले नाही. पाणी कोठे आहे, ते कोणत्या वाटेने जाते आणि त्याची गरज कोणाला आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे ते आयुष्यभर शोधीत राहिले. यवत-दौंडच्या माळावर कालव्याचे दार उघडून आपल्या पाळीचे पाणी घेणारा आणि पाळी संपताच ते शेजाऱ्यासाठी सोडून देणारा शेतकरी या थोर अभियंत्याचीच शिकवण आचरीत असतो.