भारताचा एडिसन : डॉ. शंकर आबाजी भिसे

एडिसन म्हटलं की आपल्याला बल्ब आठवतो. शाळेत मला एडिसनचा धडा होता आणि तो पाठही होता. पण १९३० च्या डिसेंबरमध्ये याच एडिसनला एक मराठी माणूस भेटला होता आणि लोक त्याला भारताचा एडिसन म्हणत होते, हे मला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. हॉस्टेलवर चार जणांना विचारलं, त्यांनाही नव्हतं. म्हणून हा लेख.

शंकर आबाजी भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ चा, मुंबईतला. इंजिनिअरिंगचं रीतसर शिक्षण त्यांना मिळालं नाही. सायंटिफिक अमेरिकन हे मासिक हेच त्यांचं कॉलेज! ते वाचून वाचून विशी-तिशीतच ते यंत्रं बनवू लागले. मुंबईच्या लोकलसाठी पुढचं स्टेशन दाखवणारं यंत्र त्यांनी त्या काळात तयार केलं होतं. आज आपण डब्यात इंडिकेटर बघतो तेव्हा हे आठवावं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये एक स्पर्धा जाहीर झाली. दुकानातला माल आपोआप वजन करून देणारं यंत्र बनवायचं होतं. भिशांनी मुंबईत बसून डिझाईन पाठवलं आणि जिंकले. मग दिनशा वाच्छांचं पत्र घेऊन ते लंडनला दादाभाई नौरोजींकडे गेले. दादाभाईंनी त्यांना नुसता आशीर्वाद दिला नाही, पैसेही घातले. तिथे भिशांनी विजेच्या जाहिरातींचे बोर्ड, स्वयंपाकघरातली उपकरणं, आपोआप फ्लश होणारं शौचकूप, असं काय काय केलं.

पण त्यांचं खरं काम म्हणजे भिसोटाईप. तेव्हा छपाई शिशाच्या खिळ्यांनी व्हायची. शिसं, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस साच्यात ओतायचा, तो थंड होऊ द्यायचा, मग खिळा बाहेर काढायचा. नुसतं शिसं थंड होताना आकसतं आणि मऊही असतं, म्हणून अँटिमनी. आता अडचण बघा. प्रत्येक अक्षर थंड व्हायला वेळ लागणारच, म्हणजे एकाच साच्यावर वेग वाढवायला मर्यादा आली. भिशांनी एकाच वेळी अनेक खिळे ओतणारं यंत्र बनवलं. त्याचा वेग मिनिटाला सुमारे १२०० खिळे सांगितला जायचा. मोठमोठ्या कंपन्यांच्या पोटात गोळा यावा असंच हे यंत्र.

मग अडलं कुठे? पैशावर. यंत्र बाजारात आणायला हजारो पौंड हवे होते. इंग्लंडमधले समाजवादी नेते हिंडमन ते उभे करायला निघाले, पण ते जमलं नाही. १९०७ मध्ये सगळं कोसळलं आणि १९०८ मध्ये भिसे भारतात परतले. पुढे गोखल्यांच्या ओळखीने जमशेटजींचे चिरंजीव सर रतन टाटा पाठीशी उभे राहिले. पुन्हा लंडन, पुन्हा प्रयोग. तेवढ्यात पहिलं महायुद्ध आलं. शेवटी १९१६ च्या सुमारास भिसे अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्कचेच झाले.

तिथे त्यांनी चक्क औषध बनवलं! आयोडीन शरीराला लागतं, थायरॉईड ग्रंथीचं काम त्यावर चालतं. पण जखमेवर लावायचं टिंक्चर काही पिता येत नाही. भिशांनी पाण्यातून थेंबथेंब घेता येईल असं आयोडीनचं द्रावण काढलं. त्याचं नाव ऍटोमिडीन. यंत्रांवर आयुष्य घालवलेल्या माणसाचा औषधात हात, हे विशेषच.

७ एप्रिल १९३५ ला न्यूयॉर्कमध्ये ते गेले. सुमारे दोनशे शोध आणि चाळीसेक पेटंटं त्यांच्या नावावर सांगतात.

मला वाटतं, एडिसन आणि भिसे यांच्यातला फरक डोक्याचा नव्हता. एडिसनकडे स्वतःची प्रयोगशाळा होती, हाताखाली माणसं होती, मागे भांडवल होतं. भिशांना दर वेळी कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागलं. एक दार बंद झालं की सगळं पहिल्यापासून. हेही खरं, की ते एका वेळी फार गोष्टींच्या मागे लागले. एकच धरून ठेवली असती तर? कोण जाणे.

हे सगळं मी आपल्या इचलकरंजीत बसून लिहितोय, जिथे विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आणला. इथे आजही शेडमधला जॉबर डिग्री नसताना मागात असे बदल करतो की आपण बघत राहावं. त्याचं पेटंट कोण घेणार? आणि आपण? वर्कशॉप आहे, लायब्ररी आहे, सर आहेत, तरी फायनल इयरचा प्रोजेक्ट पैसे देऊन तयार आणायच्या गोष्टी मेसमध्ये चालतात. पुढच्या वर्षी माझीही पाळी आहे. चालेल न चालेल, पण प्रोजेक्ट स्वतःच्या हातानेच करायचा, एवढं मी भिशांमुळे ठरवलंय.