ज्याच्या नावावरून ‘कार्ल्सबर्ग’, त्या मुलालाच वडिलांची ब्रुअरी का मिळाली नाही?

गारगोटीत विरजण संपलं की शेजारून वाटीभर आणतात. बिअरमध्ये तेच काम यीस्ट करतं. त्यासाठी जे. सी. जेकबसेन १८४५ मध्ये थेट म्युनिकला गेले. कोपनहेगनला परतताना घोडागाडीत यीस्ट तापू नये म्हणून डब्यावर थंड पाणी ओतत राहिले!

वडिलांची शहरातली छोटी ब्रुअरी ते चालवत होते. १८४७ मध्ये शहराबाहेर टेकडीवर नवी बांधली. मुलाचं नाव कार्ल, ‘बर्ग’ म्हणजे टेकडी. झालं कार्ल्सबर्ग.

१८७५ मध्ये त्यांनी प्रयोगशाळा काढली. तिथे एमिल हान्सन यांनी १८८३ मध्ये शुद्ध यीस्ट वेगळं काढलं. बिअर अचानक का बिघडते, तर त्यात रानटी यीस्ट घुसतं, हे कळलं. जेकबसेन यांनी हा शोध कुलपात ठेवला नाही, स्पर्धकांनाही फुकट दिला.

घरात मात्र माणूस भलताच हट्टी. कार्ल बिअर कमी दिवस मुरवून जास्त विकायचा, यावरून बापलेकात बिनसलं. कार्लने शेजारीच स्वतःची ब्रुअरी उभारली. वडिलांनी आपली ब्रुअरी विज्ञानासाठी काढलेल्या कार्ल्सबर्ग फाउंडेशनच्या नावे लिहिली. पुढे दोघांत समेट झाला. १८८७ मध्ये रोममध्ये जेकबसेन गेले आणि ब्रुअरी फाउंडेशनकडेच गेली.