रोग्याच्या उशापासून राज्याच्या सभागृहापर्यंत : डॉ. रुडॉल्फ फिर्खो

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे, असा संपादक मंडळाचा प्रेमळ आग्रह झाला, तेव्हा कोणाची निवड करावी असा प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. सारे आयुष्य कापडाच्या दुकानात गेले. वैद्यकशास्त्रावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. तथापि आपल्या ट्रस्टच्या धर्मादाय दवाखान्याचे हिशेब बरीच वर्षे पाहत आल्यामुळे रोग, औषध आणि पैसा यांचा परस्परसंबंध काय, हा विचार मनात सतत घोळत असे. त्या विचाराला दिशा देणारे एक चरित्र वाचनात आले. ते जर्मनीतील थोर वैद्य डॉ. रुडॉल्फ फिर्खो यांचे होय. आपल्याकडील वैद्यकीय विद्यार्थी त्यांच्या नावाचा उच्चार ‘व्हर्चो’ असाही करतात.

फिर्खो यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजी पोमेरेनिया प्रांतातील शिफेलबाइन या लहानशा गावी झाला. हे गाव त्या वेळी प्रशियाच्या राज्यात होते. आज ते पोलंडमध्ये असून त्याचे नाव श्विडविन असे आहे. वडील शेती करीत आणि गावच्या नगरपालिकेचे खजिनदार म्हणूनही काम पाहत. घरची स्थिती बेताचीच होती. मुलगा बुद्धिमान निघाला आणि १८३९ मध्ये बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय विद्यालयात शिष्यवृत्तीवर त्याला प्रवेश मिळाला. १८४३ मध्ये पदवी संपादन करून ते बर्लिनच्या सुप्रसिद्ध ‘शारिटे’ रुग्णालयात रुजू झाले. शारिटे या शब्दाचा अर्थच मुळी दानधर्म असा आहे. तेथे शवविच्छेदन आणि सूक्ष्मदर्शक यांच्या साहाय्याने रोगाचे मूळ शोधण्याचा त्यांनी ध्यास घेतला. वयाच्या पंचविशीतच, १८४७ मध्ये, एका सहकाऱ्यासमवेत त्यांनी स्वतःचे शास्त्रीय नियतकालिक सुरू केले.

त्यांच्या जीवनाला कलाटणी मिळाली ती १८४८ च्या प्रारंभी. प्रशियाच्या आग्नेय टोकाला असलेल्या अप्पर सायलेशिया या भागात टायफस म्हणजे प्रलापक ज्वराची भयंकर साथ पसरली होती. (हा ज्वर आपल्या परिचयाच्या टायफॉइडहून निराळा.) बटाट्याचे पीक बुडालेले, त्यात महापूर, आणि त्यामागोमाग दुष्काळ. वृत्तपत्रांतून टीकेची झोड उठल्यावर सरकारला हालचाल करणे भाग पडले. पाहणीसाठी जे वैद्य पाठविण्यात आले, त्यांत सव्वीस वर्षांचे फिर्खो होते. सायलेशियाचे नाव कापडाच्या इतिहासातही येते. त्याच प्रांतातील विणकरांनी उपासमारीला कंटाळून १८४४ मध्ये उठाव केला होता आणि लष्कराने तो मोडून काढला होता.

२० फेब्रुवारीला बर्लिन सोडून सुमारे तीन आठवडे फिर्खो त्या भागात फिरले. झोपड्यांत शिरून त्यांनी आजाऱ्यांची विचारपूस केली. लोक काय खातात, किती जण एका खोलीत झोपतात, घरात गुरे बांधतात का, शाळा किती अंतरावर आहे, जमीन कोणाची, कर किती, या साऱ्यांची त्यांनी नोंद घेतली. येथील बहुसंख्य जनता पोलिश भाषा बोलणारी होती, तर सरकार आणि शाळा यांचा कारभार जर्मन भाषेत चाले. जमिनी व खाणी बड्या सरदारांच्या मालकीच्या होत्या. जमिनीचे उत्पन्न बाहेर जात होते आणि कष्टकरी मात्र पिढ्यान्‌पिढ्या ओलसर, कोंदट झोपड्यांत दिवस कंठीत होता.

परत आल्यावर फिर्खोंनी जो अहवाल लिहिला, तो वाचून सत्ताधारी चकित झाले असतील यात नवल नाही. सरकारला बहुधा औषधांची यादी, आणखी काही वैद्यांची नेमणूक आणि तात्पुरत्या धान्यवाटपाची सूचना अपेक्षित असावी. तातडीची मदत हवीच, हे फिर्खोंनीही सांगितले. परंतु साथ पुन्हा येऊ नये असे वाटत असेल, तर त्यांच्या मते उपाय निराळे होते : संपूर्ण लोकशाही व स्थानिक स्वराज्य, लोकांच्या मातृभाषेतून सार्वत्रिक शिक्षण, धर्मसंस्थेची राज्यकारभारापासून फारकत, गरिबावरील कराचा बोजा उतरवून तो श्रीमंतावर ठेवणे, शेतीची सुधारणा, रस्ते आणि उद्योगधंदे. वैद्याच्या लेखणीतून उतरलेले हे औषधपत्र रोग्यासाठी नव्हते, राज्यासाठी होते!

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. टायफस हा रोग उवांमार्फत पसरतो, हे शार्ल निकोल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये दाखवून दिले. फिर्खोंना हे ठाऊक असणे शक्यच नव्हते. रोगाचा वाहक माहीत नसतानाही रोग कोणत्या परिस्थितीत फोफावतो, हे त्यांनी अचूक हेरले. उवा कोठे होतात? जेथे एका खोलीत दहा माणसे झोपतात, अंगावरचे एकमेव वस्त्र धुण्याची सोय नसते, तेथे! आमच्या व्यवसायात नुसता वरचा पदर पाहून ठाण घेऊ नये असे वडीलधारी मंडळी सांगत. फिर्खोंनी ते संपूर्ण ठाण उलगडून पाहिले.

अहवाल देऊन ते स्वस्थ बसले नाहीत. त्याच मार्च महिन्यात बर्लिनमध्ये क्रांतीचा भडका उडाला आणि फिर्खो नागरिकांच्या बाजूने रस्त्यावर उतरले. जुलै १८४८ पासून त्यांनी वैद्यकीय सुधारणेला वाहिलेले एक साप्ताहिक चालविले. प्रजेच्या आरोग्याची जबाबदारी राज्याची आहे, गरिबाला उपचार मिळणे हा उपकार नसून त्याचा हक्क आहे आणि आरोग्यासाठी स्वतंत्र मंत्रालय असावे, हे विचार त्यांनी त्यातून मांडले. आज हे विचार सर्वमान्य वाटतात. त्या काळी ते राजद्रोहाच्या सीमारेषेवरचे होते. क्रांती फसली. १८४९ मध्ये फिर्खोंना शारिटेतील पदावरून दूर करण्यात आले, साप्ताहिकही बंद पडले, आणि बव्हेरियातील वुर्झबर्ग विद्यापीठाचे आमंत्रण स्वीकारून त्यांनी बर्लिन सोडले.

वुर्झबर्गची सात वर्षे शास्त्रसाधनेत गेली. शरीरातील प्रत्येक पेशी ही आधीच्या पेशीपासूनच निर्माण होते आणि रोग म्हणजे पेशींच्या जीवनक्रमातील बिघाड होय, हा सिद्धान्त त्यांनी विकसित केला. रक्ताच्या कर्करोगाला ‘ल्युकेमिया’ हे नाव त्यांनीच दिले. रक्तवाहिनीत गुठळी कशी होते व ती वाहत जाऊन अन्यत्र कशी अडकते, हेही त्यांनी उलगडले. त्यांची कीर्ती एवढी वाढली, की ज्या बर्लिनने त्यांना घालविले, त्याच बर्लिनने १८५६ मध्ये त्यांना सन्मानाने परत बोलाविले. त्यांच्यासाठी स्वतंत्र विकृतिशास्त्र संस्था उभारण्यात आली. १८५८ मध्ये त्यांचा पेशीविषयक युगप्रवर्तक ग्रंथ प्रसिद्ध झाला. शरीर म्हणजे जणू पेशींचे प्रजासत्ताक राज्य, असे ते मानीत. एका पेशीचे दुखणे साऱ्या देहाला भोवते, हा त्यांचा शास्त्रविचार आणि समाजविचार एकाच मुशीतून घडला होता.

सामान्य मनुष्य अशा यशानंतर प्रयोगशाळेत रमला असता. फिर्खो मात्र १८५९ मध्ये बर्लिनच्या नगरसभेवर निवडून आले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे सलग ४३ वर्षे, तेथे राहिले. १८६२ पासून ते प्रशियाच्या प्रतिनिधीगृहाचे सदस्य होते आणि १८८० ते १८९३ या काळात जर्मन संसदेचेही. प्रशियाच्या सभागृहात त्यांनी दीर्घकाळ हिशेब व अर्थविषयक समितीचे अध्यक्षपद भूषविले. एका वैद्याने जमाखर्चाच्या समितीत का बसावे? कारण आरोग्याचे धोरण भाषणांनी ठरत नाही; ते अंदाजपत्रकातील तरतुदीने ठरते, हे त्यांनी ओळखले होते.

त्या वेळचे बर्लिन वेगाने वाढत होते. १८७१ मध्ये लोकसंख्या सव्वाआठ लाखांच्या घरात पोहोचली होती. परंतु सांडपाणी रस्त्याकडेच्या उघड्या गटारांतून वाहत असे आणि घरोघरी मैल्याचे खड्डे असत. १८६६ च्या कॉलऱ्याने शहरात पाच हजारांहून अधिक बळी घेतले होते. सारा मैला थेट नदीत सोडावा, अशीही एक योजना पुढे आली होती. फिर्खोंनी मृत्यूचे आकडे, भूगर्भातील पाण्याची पातळी आणि इतर शहरांचे अनुभव यांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून सविस्तर अहवाल सादर केला. अभियंते जेम्स होब्रेख्त यांच्या योजनेला त्यांनी भक्कम पाठिंबा दिला आणि १८७३ मध्ये नगरसभेने ती स्वीकारली. शहराचे बारा विभाग पाडून प्रत्येक विभागाचे सांडपाणी बंद गटारांतून पंपघरात आणावयाचे आणि तेथून शहराबाहेरील शेतांत सोडावयाचे, अशी ती योजना होती. नदीचे प्रदूषण टळले आणि ज्याला घाण म्हणून टाकले जात होते, त्यावर भाजीपाला पिकू लागला.

पुढे १८९२ मध्ये हॅम्बर्ग शहरात कॉलऱ्याने आठ हजारांहून अधिक माणसे दगावली. तेथील लोक नदीचे न गाळलेले पाणी पीत होते. बर्लिनमध्ये तेव्हा गाळलेले पाणी आणि बंद गटारे दोन्ही होती. ते शहर त्या साथीतून जवळजवळ अबाधित राहिले. याचे सारे श्रेय एकट्या फिर्खोंचे नाही. परंतु भुयारात गाडलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कामासाठी पैसा मंजूर करून घेणे किती कठीण असते, हे सार्वजनिक संस्थेत काम करणारा प्रत्येक जण जाणतो.

बर्लिनचे पहिले नगर रुग्णालय १८७४ मध्ये फ्रीडरिकशाइन येथे सुरू झाले, त्यामागेही फिर्खोंची प्रेरणा होती. परिचारिकांना पद्धतशीर शिक्षण मिळावे, शाळांत पुरेसा उजेड व मोकळी हवा असावी, यासाठी त्यांनी लेखणी झिजविली. मांसातील कृमींमुळे होणाऱ्या रोगाविरुद्ध कत्तलखान्यांत सूक्ष्मदर्शकाने तपासणी सक्तीची व्हावी, यासाठीही ते झगडले. मांसाहार हा आपल्याला वर्ज्य विषय असला, तरी विकल्या जाणाऱ्या अन्नाची जबाबदारी शासनाने घेतली पाहिजे, हे तत्त्व सर्वांनाच लागू पडते.

त्यांच्या निर्भयतेचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १८६५ मध्ये सभागृहातील वादावरून पंतप्रधान बिस्मार्क यांनी त्यांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. त्या काळी असे आव्हान नाकारणे म्हणजे भ्याडपणा समजला जाई. फिर्खोंनी ते शांतपणे नाकारले. राज्यकारभारातील मतभेद शस्त्राने सुटत नाहीत, हा त्यांनी आपल्या कृतीने घालून दिलेला धडा होय.

थोर पुरुषाच्याही हातून चुका होतात आणि त्या लपविणे म्हणजे चरित्रलेखन नव्हे. बाळंतज्वर टाळण्यासाठी डॉक्टरांनी हात निर्जंतुक करावेत, हे सेमेलवाइस यांचे म्हणणे फिर्खोंनी मान्य केले नाही. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखविला, तेव्हाही ते दीर्घकाळ साशंकच राहिले. सामाजिक कारणांवर त्यांची दृष्टी इतकी खिळली होती, की जंतूंचे महत्त्व मान्य करणे त्यांना जड गेले. सत्य अनेकांगी असते. एक बाजू कितीही खरी असली तरी तीच संपूर्ण नव्हे, हा अनेकान्ताचा बोध त्यांच्या उणिवेतूनही आपल्याला मिळतो.

जानेवारी १९०२ मध्ये ट्रामगाडीतून उतरताना पडून त्यांच्या मांडीचे हाड मोडले. त्यातून ते पूर्णपणे सावरले नाहीत आणि ५ सप्टेंबर १९०२ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. १९०६ मध्ये सुरू झालेल्या बर्लिनच्या भव्य रुग्णालयाला त्यांचे नाव देण्यात आले. ते नाव आजही टिकून आहे.

त्यांचा विचार आपल्या देशापासूनही दूर नाही. भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा पाया घालणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व त्या समितीने स्वीकारले आणि औषधोपचारांबरोबरच पोषण, घरे, पाणी व स्वच्छता यांचाही विचार केला.

आता थोडे आपल्याविषयी. आपल्या दवाखान्याच्या वार्षिक अहवालात रुग्णसंख्या वाढल्याची नोंद आपण दरवर्षी अभिमानाने करतो. मीही ते आकडे आनंदाने मांडत आलो. हे चरित्र वाचल्यावर मात्र मन थोडे अस्वस्थ झाले. दुकानात गिऱ्हाईक वाढले तर ती बरकत. दवाखान्यात त्याच वस्तीतील तीच मुले दर पावसाळ्यात जुलाबाने पुन्हा पुन्हा येत असतील, तर तो आकडा जमेच्या बाजूला लिहावा की नावे? औषधदान हे आपल्याकडे श्रेष्ठ दान मानले आहे आणि ते अखंड चालू राहिलेच पाहिजे. परंतु आहारदान, ज्ञानदान आणि अभयदान यांची सांगड घातल्याशिवाय औषधदान पूर्णत्वाला जात नाही, हेच एका परधर्मीय, परदेशी वैद्याने १८४८ मध्ये निराळ्या शब्दांत सांगितले.

म्हणून विश्वस्त मंडळास नम्र सूचना करावीशी वाटते. केसपेपरवर रोगाबरोबर वस्ती आणि पिण्याच्या पाण्याचा स्रोत यांचीही नोंद व्हावी. वर्षअखेरीस आपल्या डॉक्टरांनी त्या नोंदींचा तक्ता तयार करावा आणि विश्वस्तांनी तो घेऊन नगरपालिकेत जावे. यासाठी देणगी फारशी लागणार नाही. चिकाटी मात्र लागेल. ट्रस्टच्या पुढील ५० वर्षांत दवाखान्यातील गर्दी ओसरली, तर तो आपला तोटा नसून खरा नफा ठरेल.

रोग्याच्या उशाशी बसणाऱ्या आणि तेथून उठून राज्याच्या सभागृहात त्याचे गाऱ्हाणे मांडणाऱ्या या थोर वैद्याच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!