छायाचित्रकर्त्री कॅमेरनबाई

ज्या वयांत संसारी स्त्री नातवंडांच्या कौतुकांत रमूं लागते, त्या वयांत एक सर्वस्वी नवी विद्या हातीं घेऊन तींत कीर्ति संपादन करणाऱ्या व्यक्ति विरळाच. ज्यूलिया मार्गरेट कॅमेरन ह्या अशांपैकीं एक होत. त्यांचा जन्म ११ जून १८१५ रोजीं कलकत्ता येथें झाला. वडील जेम्स पॅटल हे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत होते. आई फ्रेंच वंशाची. शिक्षण बहुतेक फ्रान्समध्यें आजीपाशीं झालें. १८३६ मध्यें हवापालटासाठीं त्या दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतीं गेल्या असतां तेथें त्यांचा दोघांशीं परिचय झाला. एक कायदेपंडित चार्ल्स हे कॅमेरन. ह्यांच्याशीं १८३८ मध्यें कलकत्त्यास त्यांचा विवाह झाला. दुसरे प्रसिद्ध ज्योतिषी सर जॉन हर्शल. छायाचित्र कागदावर कायम टिकविण्यास जो ‘हायपो’ नांवाचा क्षार लागतो, त्याचा गुण ह्याच शास्त्रज्ञानें शोधून काढला होता. १८४२ मध्यें ह्या नव्या कलेचे कांहीं नमुने त्यांनीं कलकत्त्यास बाईंकडे पाठविले. तें बीज मात्र पुढें वीस वर्षें तसेंच पडून राहिलें. १८४८ मध्यें कुटुंब इंग्लंडास परतलें, व १८६० मध्यें आइल ऑफ वाइट बेटावरील फ्रेशवॉटर गांवीं, कविवर्य टेनिसन ह्यांच्या शेजारीं, जाऊन राहिलें.

१८६३ च्या डिसेंबरांत मुलीनें व जांवयानें बाईंना एक कॅमेरा भेट दिला. एकटेपणांत करमणूक व्हावी, एवढाच देणाऱ्यांचा हेतु. बाई तेव्हां ४८ वर्षांच्या होत्या. कोळशाची कोठडी त्यांची अंधारी खोली झाली, व कोंबड्यांचें कांचेचें खुराडें चित्रगृह बनलें. कोंबड्या सोडून दिल्या. त्या कोणाच्या ताटांत गेल्या नसाव्यात, अशी आशा बाईंनीं आपल्या आठवणींत व्यक्त केली आहे.

आज खिशांतील यंत्रावर बोट टेकतांच चित्र हातीं येतें. त्यामुळें त्या काळच्या कष्टांची आपणांस कल्पना करवत नाहीं. कांचेवर कलोडियनचा चिकट द्रव सारखा पसरावयाचा, ती कांच चांदीच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावयाची, आणि सुकण्यापूर्वीं अंधारांत नेऊन चित्र उमटवावयाचें. धुळीचा एक कण किंवा बोटाचा एक ठसा सारा खटाटोप व्यर्थ करी. समोर बसणाऱ्यास तीन तीन, पांच पांच मिनिटें निश्चल राहावें लागे. अशा खटपटींत १८६४ च्या जानेवारीअखेर ॲनी नांवाच्या एका लहान मुलीचें चित्र साधलें, व बाईंनीं त्यास आपलें पहिलें यश म्हटलें.

परंतु चित्र उमटणें ही एक गोष्ट, आणि त्याची मांडणी चांगली होणें ही दुसरी. ह्या दुसऱ्या गोष्टीसाठीं त्या जाणत्यांकडे गेल्या. डेव्हिड विल्की विनफील्ड हे चित्रकार आपल्या मित्रांना जुन्या काळचे पोषाख घालून त्यांचीं छायाचित्रें काढीत असत. इतर धंदेवाले माणसास खांब, पडदा व खुर्ची ह्यांसह पायांपर्यंत दाखवीत. विनफील्ड मात्र कॅमेरा जवळ नेऊन मुखानेंच कांच भरून टाकीत, व भोंवतालचें सर्व पुसट होऊं देत. त्यांच्यापासून बाईंनीं एक धडा घेतला, आणि आपल्या सर्व यशाचें ऋण त्या विनफील्ड ह्यांच्याकडे मोकळेपणानें लावीत. काळें वस्त्र मागें, एका बाजूनें येणारा प्रकाश, व त्यांतून पुढें येणारा चेहरा, ही त्यांची मांडणी ह्या धड्यांतूनच वाढली.

१८६४ च्या उन्हाळ्यांत ऑक्सफर्डचे गणिताचे अध्यापक डॉजसन फ्रेशवॉटरला आले होते. लुईस कॅरोल ह्या टोपणनांवानें त्यांची बालकथा पुढील वर्षीं प्रसिद्ध व्हावयाची होती. तेहि हौशी छायाचित्रकार होते. दोघांनीं एकमेकांस आपलीं चित्रें दाखविलीं. बाईंचीं कांहीं चित्रें डॉजसन ह्यांना फार मनोहर वाटलीं, तर कांहीं अगदीं कुरूप. ह्यांचीं माणसें आपणांस मिळतीं तर स्पष्ट काढलीं असतीं, असें त्यांस वाटलें. आणि ह्यांचीं माणसें आपणांस मिळतीं तर अस्पष्ट काढलीं असतीं, असें बाईंस वाटलें! इतक्या मोकळ्या मनानें एकमेकांचें कौशल्य तोलणारे समव्यवसायी आम्हांस तरी क्वचितच आढळतात.

वादाचें मूळ हेंच होतें. भिंग मागेंपुढें करून चित्र रेखीव होईपर्यंत जुळविणें ह्यास फोकस म्हणतात. बाई तें जुळवीत असतां चित्र डोळ्यांस सुंदर दिसूं लागलें कीं तेथेंच थांबत. प्रथम हें केवळ योगायोगानें घडलें, असें त्यांनीं स्वतःच लिहून ठेविलें आहे. पुढें तीच त्यांची रीति झाली. १८६४ मध्यें त्या लंडनच्या छायाचित्र संस्थेच्या सभासद झाल्या. परंतु १८६५ च्या फेब्रुवारींत त्याच संस्थेच्या मासिकानें त्यांच्या चित्रांवर कडक टीका केली. कल्पनेचें धाडस आहे, पण छायाचित्राचे इतर सर्व गुण त्यापायीं गमावले आहेत, असा तिचा आशय होता. ही टीका उघड अन्यायाची म्हणून बाईंनीं मनावर घेतली नाहीं. बर्लिनच्या प्रदर्शनांत १८६५ मध्यें ब्राँझचें व १८६६ मध्यें सुवर्णाचें पदक मिळालें, हें त्यांच्या बाजूनें सांगतां येतें. तथापि टीकाकार सर्वस्वी चुकले होते असें आमचें मत नाहीं. डाग, ओरखडे, कलोडियनचे ओघळ हीं त्यांच्या कांचांवर खरोखरच होतीं. धंदेवाल्यांची चूक एवढीच कीं, पुसट रेषा आणि मळकट कांच हीं दोन्ही त्यांनीं एकाच मापानें मोजलीं.

मापांतला हा भेद ओळखणारे मित्र बाईंस लाभले. चित्रकार जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स ह्यांच्याकडे त्या आपलीं चित्रें अभिप्रायासाठीं धाडीत. घरचें द्रव्यबळ घटत चाललें होतें, व चित्रांच्या विक्रीवर बाईंची भिस्त होती. म्हणून चांगल्या, पुठ्ठ्यावर चिकटविलेल्या प्रति आपणांस पाठवूं नयेत. बिघडलेल्या, न चिकटविलेल्या पाठवाव्यात, त्यांवरूनहि आपणांस पारख तितकीच नीट करतां येईल, असें वॉट्स ह्यांनीं त्यांना कळविलें. मग डागाळलेल्या प्रति त्यांच्याकडे जाऊं लागल्या. हर्शल ह्यांचाहि पत्रव्यवहार चालूच होता. १८६६ मध्यें बाईंनीं १५ इंच लांब व १२ इंच रुंद कांचेचा मोठा कॅमेरा घेतला, व जवळजवळ जिवंत माणसाएवढीं मुखें काढण्यास आरंभ केला. त्यांतील एका तरुणीचें मस्तक कागदांतून बाहेर हवेंत येत आहे असा भास हर्शल ह्यांना झाला. १८६७ मध्यें बाई स्वतः त्यांच्या घरीं गेल्या, आणि त्या ७५ वर्षांच्या वृद्धास केंस धुवावयास लावून, ते विस्कटलेले ठेवून, त्यांचें चित्र काढलें. कपाळाभोंवतीं तेजाचें वलय असावें तसे ते शुभ्र केंस दिसतात. आमच्या मतें बाईंच्या सर्व कामांत हें श्रेष्ठ होय.

थोरांबरोबर घरच्या मोलकरणीहि त्यांच्या कॅमेऱ्यापुढें बसत. मेरी हिलियर ही दासी इतक्या वेळां पवित्र मरियेच्या वेषांत बसली कीं तिला तेंच नांव पडलें. दुसरी मेरी रायन, भीक मागतांना बाईंना आढळलेली आयरिश मुलगी. तिचें चित्र पाहून हेन्री कॉटन ह्या तरुणाचें मन तिच्यावर जडलें व १८६७ मध्यें त्यांचा विवाह झाला. बंगालच्या मुलकी खात्यांत पुष्कळ वर्षें काढून हेच सर हेन्री कॉटन १९०४ मध्यें मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले.

१८६९ मध्यें मोठी आपत्ति आली. बाईंच्या कांचांवरील पापुद्र्यास जाळीसारखे तडे जाऊं लागले, आणि सुमारें ४५ उत्कृष्ट चित्रांच्या कांचा नासल्या. तेव्हां ह्या मानी बाई ज्या संस्थेनें आपली टर उडविली, तिच्याच जूनच्या सभेंत नासलेल्या कांचा घेऊन गेल्या, व उपाय विचारूं लागल्या. हायपोंतून काढल्यावर कांच पुरेशी धुतली नसावी, असें बहुतेकांचें म्हणणें पडलें. बाईंचा ओढा क्षारांच्या दोषाकडे किंवा बेटावरील दमट हवेकडे होता. कोणाचें खरें, ह्याचा निकाल त्या सभेंत लागला नाहीं.

१८७५ मध्यें पतिपत्नी सिलोनांतील आपल्या मुलांकडे जाण्यास निघालीं. सामानांत एक गाय होती, व वाटेंत गरज पडल्यास असाव्यात म्हणून दोन शवपेट्याहि होत्या. त्यांत तूर्त कांचेचीं भांडीं भरलीं होतीं. सिलोनांत बाईंनीं मळ्यांतील मजुरांचीं व एका पाहुण्या चित्रकर्त्रीचीं चित्रें काढलीं, परंतु तेथील फारच थोडीं चित्रें आज उपलब्ध आहेत. वॉट्स, हर्शल, किंवा ती कडक संस्था, ह्यांपैकीं तेथें कोणीच नव्हतें. २६ जानेवारी १८७९ रोजीं डिकोया खोऱ्यांत त्यांचा अंत झाला. बोगवंतलावा येथील सेंट मेरी मंदिराच्या आवारांत त्यांस पुरलें, व पुढील वर्षीं त्यांच्या पतीसहि तेथेंच.

वॉट्स ह्यांच्याकडे गेलेल्या त्या सदोष प्रतींपैकीं पुष्कळ आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहेत. त्यांवरील ओरखडे व डाग तसेच ठेविलेले आहेत.