उसाचे रोप निवडणारा माणूस

आमच्या धामणगाव बढे भागात मळे थोडे, कोरडवाहू रानच जास्त. मग मी उसाच्या शास्त्रज्ञावर का लिहावे? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पण बियाणे कोणते घ्यावे, हा प्रश्न मृगाआधी आमच्या ओसरीवर दरवर्षी निघतो. हाच प्रश्न सर टी. एस. वेंकटरामन यांनी जन्मभर सोडवला.

त्यांचा जन्म १८८४ सालचा. कोईमतूरला १९१२ साली ऊस पैदास केंद्र निघाले. तेथे डॉ. बार्बर यांच्या हाताखाली ते काम करू लागले व पुढे प्रमुख झाले. त्या काळी उत्तर हिंदुस्थानातला देशी ऊस बारीक असे. पांढरी साखर जावा बेटातून येई. जाड, रसाळ ऊस तिकडच्या हवेत टिकत नसे. म्हणून जाड उसाचा रानटी कास गवताशी संकर केला गेला. त्यातून निघालेली को. २०५ ही जात १९१८ साली शेतकऱ्यांच्या हाती आली.

आपण ऊस कांडी लावून वाढवतो, त्यामुळे तो मूळ उसासारखाच येतो. तुऱ्यातल्या बियांपासून मात्र प्रत्येक रोप निराळे निघते. अशा हजारो रोपांतून फुटवे, जाडी, रसाची गोडी आणि रोगाला तोंड देण्याची ताकद पाहून मोजकी ठेवायची. पुढे त्यांची कांडी वर्षानुवर्षे निरनिराळ्या भागांत लावून पारख करायची. कोईमतूरला उजवे ठरलेले रोप बिहारातही उजवे ठरेलच असे नाही.

आपल्याकडे पाडेगावला १९३२ साली ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. कोईमतूरच्या को. ४१९ आणि पुढे को. ७४० या जाती महाराष्ट्राच्या मळ्यांत पसरल्या. वेंकटरामन यांनी उसाचा संकर ज्वारीशीसुद्धा करून पाहिला. हे वाचून मला आमचे रान आठवले. १९३७ साली भारतीय विज्ञान परिषदेचे अध्यक्ष असताना त्यांनी भाषणाला विषय घेतला तो हिंदी खेड्याचा. १९६३ साली ते निवर्तले.

उसाला पाणी फार लागते. पाटाच्या पाण्यावरचे पीक आमच्या रानात आणून आमचे भले होणार नाही. त्यांची जात नव्हे, त्यांची रीत आम्हाला हवी. कपाशी, ज्वारी, तूर यांचे वाण आमच्याच मातीत, आमच्याच अपुऱ्या पावसात पारखले पाहिजेत. अकोल्याचे कृषी विद्यापीठ आम्हाला फार लांब नाही. शेतकऱ्यांच्या शिकलेल्या मुलांनी वडिलांना घेऊन तेथे जावे, नव्या वाणाचे एक-दोन तास आपल्या रानात पेरावेत आणि वहीत नोंद ठेवावी. यंदाच्या मृगापासून मी हे करणार आहे.