चोचीवरचा लाल ठिपका

पाठ राखाडी, पंखांची टोके काळी, पाय फिकट गुलाबी आणि पिवळ्या चोचीच्या खालच्या भागावर टोकाजवळ एक लाल ठिपका. युरोपच्या किनाऱ्यावरचा पूर्ण वाढ झालेला हेरिंग गल, म्हणजे मोठ्या आकाराचा कुरव पक्षी, या खुणांवरून ओळखता येतो. पिल्लू मात्र तपकिरी, ठिपकेदार असते. मोठ्यांचा पिसारा यायला त्याला सुमारे चार वर्षे लागतात. कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात येणाऱ्या मोठ्या कुरवांच्या चोचीवरही असाच लाल ठिपका दिसतो. तो कशासाठी असतो, याचा छडा निको टिंबर्गन यांनी लावला.

टिंबर्गन यांचा जन्म १९०७ मध्ये नेदरलँड्समधील द हेग येथे झाला. लहानपणापासून त्यांना वर्गापेक्षा मोकळ्या निसर्गाची ओढ होती. पुढे ते लायडन विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवू लागले. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ज्यू प्राध्यापकांना काढून टाकले, तेव्हा विरोध करणाऱ्यांत तेही होते. त्यापायी त्यांना सुमारे दोन वर्षे ओलीस म्हणून छावणीत काढावी लागली.

कुरवांवरच्या त्यांच्या प्रयोगांना महागडी उपकरणे लागली नाहीत. पुठ्ठ्याची डोकी कापायची, ठिपक्याचा रंग बदलायचा आणि नुकत्याच जन्मलेल्या पिलांसमोर ती धरून टोचा मोजायच्या. उत्तर स्पष्ट होते. भुकेले पिल्लू चोचीवरच्या ठिपक्याला टोचते आणि मग आई किंवा बाप गिळलेले अन्न बाहेर काढून त्याला भरवतो. ही खूण कोणी शिकवलेली नसते आणि तिच्यावर पिलाचा जीव अवलंबून असतो. तीन पांढरे पट्टे असलेली बारीक लाल काडी पुढे केली, तर पिले पालकाच्या हुबेहूब डोक्यापेक्षा तिलाच अधिक टोचत. पिलाला पालकाचा चेहरा कळत नव्हता. त्याला कळत होता तो इशारा.

१९४९ मध्ये टिंबर्गन ऑक्सफर्डला गेले. १९५३ मध्ये हेरिंग गलवरचे त्यांचे पुस्तक आले. कोणत्याही वर्तनाला चार प्रश्न विचारावेत, असे त्यांनी १९६३ मध्ये मांडले: ते घडते कसे, आयुष्यात विकसित कसे होते, जगण्यासाठी उपयोग काय आणि उत्क्रांतीत आले कुठून? १९७३ मध्ये कोनराड लोरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले, तेही वैद्यकशास्त्राचे. १९८८ मध्ये त्यांचे निधन झाले. ताप किंवा भीती शरीराच्या उपयोगाची का असते, हे समजून घेताना वैद्यकातही आज हेच चार प्रश्न विचारले जातात.