केतकरांचं ‘पाहा’ आणि तुमचा प्रोजेक्ट रिपोर्ट

समजा, तुमचा प्रोजेक्ट सोलापुरी चादरीच्या धंद्यावर आहे. ऐंशी पानं झालीत, तक्ते बारा. पान ४० वर तुम्ही लिहिलंय, ‘मजुरीचे दर तक्ता ५ मध्ये पाहा’. सबमिशनच्या आदल्या रात्री गाईडच्या सांगण्यावरून तुम्ही सुताच्या भावाचा एक नवा तक्ता मध्ये घुसवता. आता मजुरीचे दर गेले तक्ता ६ मध्ये आणि पान ४० वरचं वाक्य गपचूप खोटं झालं. व्हायव्हाला एक्स्टर्नल नेमकं तेच पान उघडतात!

हा घोळ कॉम्प्युटरच्या आधीपासूनचा आहे. शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसाला तो तेवीस खंडांमध्ये निस्तरायचा होता, तोही कागद, शाई आणि खिळ्यांच्या छपाईवर. ते होते ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर.

केतकरांचा जन्म १८८४ सालचा, रायपूरचा. शाळा अमरावतीत, कॉलेज मुंबईच्या विल्सनमध्ये. १९०६ मध्ये ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि पीएचडी घेऊन बाहेर पडले. भारतातल्या जातिसंस्थेच्या इतिहासावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९०९ मध्ये छापून आलं, तेव्हा ते पंचविशीत होते. परतीच्या वाटेवर ते लंडनला थांबले. तिथे त्यांची एडिथ कोहन यांच्याशी ओळख झाली. पुढे १९२० मध्ये दोघांचं लग्न झालं आणि एडिथ शीलवती केतकर झाल्या.

परत आल्यावर अशी पदवी असलेला माणूस नोकरीत स्थिरावला असता. केतकर काही काळ कलकत्ता विद्यापीठात शिकवतही होते. पण त्यांच्या डोक्यात भलतंच होतं. जगातलं ज्ञान मराठीत, मराठी वाचकाच्या नजरेतून, एका जागी आणायचं. सरकारी अनुदान नाही, मागे कुणी संस्थानिक नाही. १९१६ च्या सुमारास नागपुरात त्यांनी चक्क लिमिटेड कंपनी काढली, शेअर विकले, गावोगाव फिरून वर्गणीदार गोळा केले. पुढे काम पुण्यात हलवलं. लेखक नेमले, हाताखाली माणसं तयार केली आणि स्वतः ढिगाने लिहिलं.

आता कामाची रचना बघा, कारण आपला मुद्दा तिथेच आहे. पहिले पाच खंड प्रस्तावनेचे: हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास. हे विषयवार. त्यानंतरचे सोळा खंड ‘अ’पासून सुरू होणाऱ्या नोंदींचे, वर्णानुक्रमे. म्हणजे एकाच विषयाचा मजकूर दोन-तीन ठिकाणी विखुरणार हे ठरलेलंच. दरवेळी सगळं पुन्हा छापायचं तर खंडांची संख्या आणि खर्च दोन्ही हाताबाहेर गेले असते. उपाय एकच. एका जागी सविस्तर लिहायचं आणि बाकी ठिकाणी वाचकाला तिकडे पाठवायचं: अमुक नोंद पहा, तमुक विभाग पहा.

यात एक पेच होता. खंड एकेक करून छापून बाहेर पडत होते. मागे छापलेल्या मजकुराचा पानक्रमांक देता येतो, कारण तो आता हलणार नाही. पण ‘अ’चा खंड छापताना ‘स’ची नोंद कितव्या पानावर येईल हे कुणाला ठाऊक? तिथे आकडा देणं म्हणजे अंदाजपंचे. देता येतं ते फक्त नोंदीचं नाव. नाव दिलं की पानं कितीही सरकली, तरी वाचक वर्णानुक्रमाने बरोबर तिथे पोचतो. आणि एकदा नाव छापलं की ती नोंद पुढे लिहावीच लागते, नाहीतर वर्गणी भरलेला वाचक रिकाम्या हाताने परततो.

पानांचे आकडे जमवायचं काम शेवटी झालं. सगळ्या नोंदी छापून जागेवर बसल्यावर सूचीचा स्वतंत्र खंड आला. कोणता शब्द कुठल्या खंडात, कुठल्या पानावर, हे त्यात एकत्र मिळतं. सोबत हिंदुस्थानविषयीची पुरवणी. साधारण बारा वर्षांत एकूण तेवीस खंड पुरे झाले.

तुमच्या वर्ड प्रोसेसरमधलं ‘क्रॉस-रेफरन्स’ नेमकं हेच करतं. हाताने टाइप केलेला ‘५’ हा नुसता आकडा असतो, त्याचा तक्त्याशी काही संबंध नसतो. क्रॉस-रेफरन्स त्या तक्त्यालाच धरून ठेवतो आणि आकडा नंतर काढतो.

वर्डमध्ये करायचं असं. तक्त्यावर किंवा आकृतीखाली आकडा टाइप करू नका. ‘रेफरन्सेस’ टॅबमधून ‘इन्सर्ट कॅप्शन’ घ्या. प्रकरणांच्या शीर्षकांना ‘हेडिंग’ स्टाइल द्या. मग ‘तक्ता अमुक पाहा’ लिहिताना त्याच टॅबमधलं ‘क्रॉस-रेफरन्स’ उघडा, यादीतून तक्ता निवडा आणि ‘ओन्ली लेबल अँड नंबर’ घ्या. लिब्रेऑफिस रायटरमध्ये ही सोय ‘इन्सर्ट’ मेनूत आहे.

तक्ता मध्ये घातला किंवा काढला, की हे आकडे दरवेळी आपोआप बदलत नाहीत. सगळं लिहून झाल्यावर कंट्रोल-ए दाबून पूर्ण मजकूर निवडा आणि एफ-९ दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावं लागतं. अनुक्रमणिकेबद्दल विचारलं, तर पूर्ण तक्ता अपडेट करा. मग फाइलमध्ये ‘एरर’ शब्द शोधा. एखादा तक्ता तुम्ही उडवला असेल आणि त्याच्याकडे बोट दाखवणारं वाक्य राहिलं असेल, तर तिथे ‘रेफरन्स सोर्स नॉट फाउंड’ असं इंग्रजीत उमटतं. ते दुरुस्त केल्यावरच पीडीएफ काढा. केतकरांच्या सूचीखंडासारखंच हेही शेवटचं काम आहे. आधी केलंत तर वाया जातं.

ज्ञानकोशाने केतकरांना श्रीमंत केलं नाही. त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, ‘ब्राह्मणकन्या’ त्यातली गाजलेली. १९३१ मध्ये हैदराबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. शीलवतीबाईंनी विंटरनिट्झ या विद्वानाचा भारतीय साहित्याचा जर्मन इतिहास इंग्रजीत आणला. केतकरांची शेवटची वर्षं मधुमेहाने आणि पैशाच्या ओढाताणीने काढली. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात ते गेले, तेव्हा ते त्रेपन्न वर्षांचे होते.

ज्ञानकोशाचे खंड यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने इंटरनेटवर ठेवले आहेत. रिपोर्ट लिहून कंटाळा आला की एखादी नोंद उघडा आणि तिच्यात ‘पहा’ सापडलं तर त्या वाटेने जाऊन बघा. शंभर वर्षांपूर्वी तो शब्द लिहिताना केतकरांकडे एफ-९ नव्हतं. तुमच्याकडे आहे, तेव्हा प्रिंट काढण्याआधी एकदा दाबाच.